सदतिसास एक

हिंदी चित्रपटांत गणित शोधायला निघालेल्या बाईला घरची माणसे काय म्हणतात, ते मला चांगले ठाऊक आहे. तेहतीस वर्षे बँकेत लोकांच्या पैशांचा हिशेब केला, आता निवृत्तीनंतर नटनट्यांचा मांडते आहे, असा आमच्या बंधुराजांचा शेरा. परंतु या उद्योगाला मला त्यांच्याच कन्यारत्नाने लावले, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

कन्या यंदा दहावीत आहे. नववीच्या परीक्षेत गणितात शंभरांपैकी एकेचाळीस पडले, आणि वर्गशिक्षिकांनी चाळीस मुलांसमक्ष सांगून टाकले, "तुझं डोकं या विषयाचं नाही." त्या दिवसापासून तिने गणिताशी अबोला धरला. दहावी झाली की त्याचे तोंड पाहायचे नाही, हा पण. वडिलांना मुलगी इंजिनिअर व्हायला हवी होती आणि आईला ती पोटभर जेवायला हवी होती. कारण गणिताचा विषय निघाला की पोर ताटावरून उठे. आषाढात मी तिला दोन दिवस लोणावळ्याला घेऊन निघाले, तेव्हा भावजयीने मला दारात बजावले, "वन्सं, पुस्तक तेवढं काढू नका हं." मी पुस्तक काढले नाही. विषय काढला तो त्या मुलीनेच. दादर मागे पडले नाही तोच म्हणाली, "आत्या, गणित आयुष्यात लागतं तरी कुठं गं? सिनेमात तरी कुणी पाहिलंय का?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. सिनेमात गणित आहे. पण ते कोणत्या रूपात येते ते पाहा. 'तारे जमीं पर' (२००७) मधल्या ईशानला परीक्षेत तीन गुणिले नऊ सोडवायचे असते. तो मनातल्या मनात तिसरा ग्रह जो पृथ्वी, तो ओढत नेऊन नवव्या प्लुटोवर आदळवतो. प्लुटोचा भुगा होतो, पृथ्वी शिल्लक राहते, आणि बाळ उत्तर लिहितो तीन. (प्लुटोला २००६ सालीच ग्रहांच्या पंगतीतून उठवले होते, हे त्याला कोणी सांगितले नसावे.) 'सुपर ३०' (२०१९) आणि 'शकुंतला देवी' (२०२०) या चित्रपटांत याच्या नेमके उलट: तिथे गणित म्हणजे चमत्कार. म्हणजे एक तर गणित राक्षस, नाही तर देवाची देणगी. आणि ज्या मुलीला एकेचाळीस गुण पडले आहेत, तिने या दोहोंच्या मध्ये कुठे बसायचे? मला विचाराल, तर पडद्यावरचे खरे गणित फळा दिसतो त्या प्रसंगांत नसतेच. ते नाणे उडते तिथे असते, टांगा पळतो तिथे असते. पण ती गोष्ट संध्याकाळची. त्याआधी डोंबिवली आली.

डोंबिवलीला आमची गाडी थांबत नाही, तरी मी बोट दाखवले. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक मास्तर होते. १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, आणि पुढे जन्मभर शाळेत शिकवता शिकवता आकड्यांशी खेळत राहिले. याच लोहमार्गावर, मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्थानकावर, त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या आणि त्यांनी त्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले: डेमलो संख्या. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, हे त्यांतलेच कुळ. गाडीची वाट पाहताना माणसे जांभया देतात. हे गृहस्थ संख्यांची बारशी करीत!

१९४९ साली त्यांनी जाहीर केलेली गंमत तर कोणाच्याही घरी पाच मिनिटांत करून पाहता येते. चार आकडी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केले की तुम्ही ६१७४ वर येऊन पोहोचता आणि तिथेच अडकता. आपल्याकडच्या पंडितांनी या मास्तरांना फारसे मोजले नाही. १९७५ साली अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली.

मी माझी हिशेबाची वही पुढे सरकवली आणि म्हटले, "खंडाळ्याचं ते गाणं कोणत्या सिनेमातलं?" "'गुलाम'. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव." सिनेमाचे साल विचारले की ही पिढी झोपेतसुद्धा चुकत नाही. ९९८१ वजा १८९९, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८... "सहा एक सात चार!" तीन पायऱ्यांत गाणे मुक्कामाला. मग तिने आपण होऊन १९७५ घेतले, कारण ते 'शोले'चे साल. त्याला सहा पायऱ्या लागल्या. गाडी कर्जतला येईपर्यंत वहीचे एक पान भरले होते, आणि बारा वजाबाक्यांत तिची एकच चुकली होती. मी काही बोलले नाही.

कर्जतला वडे घ्यायचे हा रिवाज आहे, आणि त्यासाठी वेळ मिळतो तो घाटाच्या कृपेने. बहुतेक लांब गाड्यांना इथे मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेतली माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. मीही तेहतीस वर्षे तेच होते आणि माझेही काम मागून ढकलण्याचेच होते. ही इंजिने का लागतात? कर्जत समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास-पंचावन्न मीटर उंच, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे चढायचे ५७० मीटर. मुंबईपासून कर्जत १०० किलोमीटर आणि लोणावळा १२८, म्हणजे हे सगळे चढायचे २८ किलोमीटरांत. सरासरी काढली तर एकोणपन्नास मीटर पुढे गेले की एक मीटर वर. परंतु घाटात सरासरीने कोणी चालत नाही. सर्वांत कडक चढ आहे तो सदतिसास एक.

हा आकडा लहान वाटतो. तुमच्या घरातला जिना दोनास एक असतो, मग सदतिसास एक म्हणजे काय मोठेसे? पण जिन्यावर पाय असतो आणि रुळावर चाक. लोखंडावर लोखंड, त्यात आषाढातला ओला रूळ. तुमच्या डब्याचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा सुमारे दोन फूट उंच असते, आणि तसे डबे मागे ओळीने लागलेले असतात. आता उलटा हिशेब करा. चढ सदतिसास एकपेक्षा कडक होऊ द्यायचा नाही आणि ५७० मीटर तर चढायचे आहेत, तर रूळ किती लागेल? ५७० गुणिले ३७. एकवीस किलोमीटरांहून अधिक! समोर सह्याद्रीची भिंत उभी, अन् तिच्या अंगावर एकवीस किलोमीटर रूळ अंथरायचा. एवढी जागा आणायची कुठून? म्हणून ही वळणे, म्हणून हे बोगदे. मूळ मार्गावर बोगदे पंचवीस होते. आणि म्हणूनच १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा मध्येच एक उलटे स्थानक होते: गाडी टोकापर्यंत जायची, इंजिन या तोंडाचे त्या तोंडाला लागायचे, आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागायची. १९२९ च्या सुमारास मार्ग बदलून ते काढले. या गुणाकारापायी हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी या डोंगरात गेले. त्यांची नावे कुठे नाहीत.

खंडाळ्याच्या जुन्या मोटाररस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट कुठून काढावी हे साहेबाला उमगेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी दंतकथा आहे. खरेखोटे देव जाणे. पण मेंढरे हाकणाऱ्या माणसाच्या पायांना चढ कळतो, यात मला शंका नाही. त्या देवळापाशी जाणारे-येणारे चालत्या गाडीतून नाणे टाकतात.

हे सगळे ऐकून आमची भाची म्हणाली, "सदतिसास एक हे तू पुस्तकात वाचलंस. खरं कशावरून?" हा प्रश्न ऐकून मला वड्याचा ठसका लागला. बँकेत मी याच एका प्रश्नावर पगार घेतला होता. मग आम्ही अर्धी भरलेली, सरळ कडांची पाण्याची बाटली खिडकीशी आडवी धरली, बूड मागे आणि तोंड इंजिनाकडे, आणि विणकामाच्या पिशवीतली टेप काढली. बाटली बावीस सेंटीमीटर. पाणी मागच्या टोकाला पुढच्यापेक्षा किती चढले आहे ते मोजायचे. गाडी वेग घेत असली तर मोजमाप खोटे येते, वळणावर पाणी कडेला जाते, आणि समोरच्या सीटवरचे आजोबा दर अर्ध्या मिनिटाला "काय चाललंय?" म्हणून विचारतात. अखेर गाडी एका संथ लयीत आली असताना तिने जाहीर केले, "पाच आणि सहा मिलिमीटरच्या मधे." बावीस सेंटीमीटरांना सहा मिलिमीटर म्हणजे साधारण सदतिसास एक, पाच धरले तर चव्वेचाळिसास एक. "म्हणजे तुझं पुस्तक बरोबर असू शकतं," ती म्हणाली. 'असू शकतं' हा तिचा शब्द मला फार आवडला. एव्हाना आजोबांनी बाटली आपल्या हातात घेतली होती.

लोणावळ्याला पावसाने आम्हांला घरात कोंडले, हे सांगायला नकोच. संध्याकाळी उतरल्या घरी दूरदर्शन संचावर 'शोले' लागला. यातली आगगाडीची मारामारी पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झालेली आहे, त्यामुळे चित्रपट आमच्या डोंगराच्या पायथ्याचाच. जय नाणे उडवतो, छापा पडतो, आणि विरू ऐकतो. नाण्याला दोन्ही बाजूंना छापाच आहे, हे विरूला कळते तेव्हा जय मेलेला असतो. मी संच बंद न करता आवाज कमी केला आणि विचारले, "विरूला संशय कधी यायला हवा होता?"

"तीनदा छापा आल्यावर," ती म्हणाली. खऱ्या नाण्याला लागोपाठ तीन छापे आठांत एकदा येतात. तेवढ्यावरून मित्राला चोर ठरवायचे? पाच छापे बत्तिसांत एकदा. दहा छापे हजार चोविसांत एकदा. "मग दहानंतर!" इथेच खरी मौज आहे, कारण उत्तर नाण्यावर ठरत नाही, मैत्रीवर ठरते. समजा, विरूचा जयवर एवढा भरवसा, की असल्या हजार मित्रांत लबाड निघेल तो एखादाच. आता त्या हजारांना ओळीने उभे करा आणि प्रत्येकाला दहा वेळा नाणे उडवू द्या. नऊशे नव्व्याण्णव प्रामाणिकांपैकी साधारण एकालाच दहाही वेळा छापा पडेल. लबाडाला तर पडणारच. म्हणजे दहा छापे दाखवणारे दोघे उरले: एक प्रामाणिक, एक लबाड. एवढ्या भरवशाच्या मित्राच्या बाबतीतसुद्धा दहा छाप्यांनंतर विश्वास आणि संशय तराजूत सारखे होतात. भरवसा त्याहून मोठा असेल तर आणखी नाणी उडवावी लागतील.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आत्या, जय लबाड नव्हता. मरायची पाळी आपल्यावर यावी म्हणून त्यानं ते नाणं ठेवलं होतं." माझ्यापाशी यावर गणित नव्हते. मी तिला आणखी एक थालीपीठ वाढले, आणि ते तिने खाल्ले.

बसंतीचा टांगा धावू लागला तेव्हा चाकांचा विषय निघाला. चाके पुढे पळतात आणि मधूनच उलटी फिरताना दिसतात, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. का, ते सहसा कोणी विचारत नाही. चित्रपट म्हणजे सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे. चाकाला समजा बारा आरे आहेत आणि ते सेकंदाला बरोबर दोन फेरे घेते आहे. एका सेकंदात एका ठिकाणावरून चोवीस आरे जातात. म्हणजे दर चित्राला एका आऱ्याच्या जागी नेमका पुढचा आरा येऊन उभा. डोळ्याला चाक थांबलेले दिसते! घोडी किंचित हळू झाली की पुढचा आरा त्या जागेपर्यंत पोहोचायला थोडा कमी पडतो, आणि डोळा म्हणतो, चाक मागे गेले. सव्वा मीटर व्यासाचे चाक धरले तर हा वेग ताशी अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे डाकूंपासून पळणाऱ्या टांग्याला शोभेल असाच. त्यानंतर अर्धा तास आमच्या खोलीतला छताचा पंखा मोबाइलवर टिपण्यात गेला. तीन पात्यांचा पंखा मोबाइलमध्ये एकदा सहा पात्यांचा दिसला. त्याचे कारण तिने मला समजावून सांगितले. मी तिला नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळीही पाऊस होताच. पावसाचा हिशेब सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरची गच्ची असेल आणि दिवसात शंभर मिलिमीटर पडला, आणि लोणावळ्याला तो पडतोच, तर गच्चीवरून दहा हजार लिटर वाहून गेले. शहरात त्याला पाण्याचा टँकर म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात. गाडी जो डोंगर चढून येते, तोच डोंगर इथले पाणी उतरते. वळवणच्या तलावाचे पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजघरावर १९१५ पासून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडलेले आहे. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले की सव्वा युनिटाहून थोडी अधिक वीज निघावी. थोडी वाटेत सांडते. म्हणजे आमच्या गच्चीवरच्या एका दिवसाच्या पावसात दहा-बारा युनिटे होती. भाचीने घरमालकिणीला विजेचे बिल विचारले. त्या बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या.

दुपारी उघडीप पडली तशी आम्ही कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या दर्शनाला गर्दी होती. देवीला हात जोडून आम्ही शेजारच्या चैत्यगृहात शिरलो. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही शिळा आत सुमारे १२४ फूट लांब आहे, आणि तिची रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी, पंचेचाळीस फुटांच्या आसपास. छताच्या कमानीला लाकडाच्या फासळ्या आहेत, आणि त्या मूळच्या, त्या काळच्याच आहेत. डोंगर वरून खाली कोरत आणायचा असतो. भिंत चुकली तर पुसून पुन्हा बांधता येत नाही. आकडे आधी कोणाच्या तरी डोक्यात पक्के असल्यावाचून हे व्हायचे नाही. अनेक खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत; आकडे ज्याच्या डोक्यात होते, त्याचे नाव मला कुठे आढळले नाही.

मी वर पाहत असताना भाची खांब मोजत होती. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा, आणि स्तूपाच्या मागे अर्धवर्तुळात बिनकोरीव सात. "सदतीस!" तिचा आवाज कमानीत घुमला. कालच्या घाटाचा आकडा इथे खांबांत उभा. मला शहारा आला, खोटे कशाला सांगू? 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये ताटातूट झालेले तिघे सख्खे भाऊ नकळत एकाच वेळी आपल्याच आईला रक्त देतात, त्या प्रसंगाला येतो तसा. मी म्हटले, "बघ, हा डोंगरच सदतिसाचा!"

"योगायोग आहे, आत्या," ती शांतपणे म्हणाली, आणि बाहेरच्या पायरीवर बसून तिने माझी वही मागितली. दोन दिवसांत आम्ही वहीत एकोणीस ठिकाणी दोन-दोन अंकी मोजमापे लिहिली होती. दोन अंकी संख्या आहेत नव्वद, दहापासून नव्व्याण्णवपर्यंत. पहिली कोणतीही चालेल. दुसरी तिच्याहून वेगळी निघायला नव्वदांत एकोणनव्वद संधी, तिसरी दोघींहून वेगळी निघायला अठ्ठ्याऐंशी, असे करत एकोणिसाव्यापर्यंत जायचे आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. हे तिला मी शिकवले नव्हते. तेवीस माणसे जमली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याचा संभव निम्म्याहून जास्त असतो, ही गोष्ट तिने कुठल्याशा चित्रफितीत पाहून ठेवली होती, गणित म्हणून नव्हे, गंमत म्हणून. मोबाइलवर ती गुणत गेली. माकडे जवळ आली तेव्हा मी पिशवी सांभाळली.

"पॉइंट एक तीन," ती म्हणाली. "म्हणजे एकोणीसही वेगवेगळे निघायची शक्यता शंभरात तेराच. कुठले तरी दोन सारखे निघणारच होते, सत्त्याऐंशी टक्के. तू उगाच शहारलीस." मग थोडा विचार करून म्हणाली, "अर्थात सगळे आकडे सारख्याच वेळा येतात असं धरलं तर. तसे ते येत नसतील. मोजताना लहान आकडेच जास्त येतात का गं?"

मला ठाऊक नव्हते, तसे मी सांगितले. पायऱ्या उतरून आम्ही चिक्की घेतली, आणि परतीच्या गाडीत ती खिडकीशी वही उघडून बसली. खंडाळा गेल्यावर मान वर न करता म्हणाली, "आत्या, बाबांना यातलं काही सांगू नकोस हं. लगेच क्लास लावतील."